बंद मोटरचं खराब बेअरिंग : भोसरीतल्या एका टेस्ट रिगचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना मोटरी रिवाइंड करतो, नवी बेअरिंग घालतो आणि गिऱ्हाइकाकडे परत पाठवण्याआधी प्रत्येक मोटर रिगवर चढवून तिचं कंपन मोजतो. मोजणीचं नवं सॉफ्टवेअर बसलं आणि एकामागून एक मोटरी नापास व्हायला लागल्या. शेरा एकच : बेअरिंगच्या आतल्या रेसमध्ये, म्हणजे आतल्या कड्यात, दोष. रिगवरच्या काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सांगून टाकलं, “काही नाहीये हिला. साफ फिरतेय.” बेअरिंग बदलून पाहिलं, आलेख जागचा हलला नाही. बेअरिंगच्या पुरवठादाराशी फोनवर वादावादी झाली, त्यानेही हात वर केले. शेवटी संशय सॉफ्टवेअरवर आला. ते लिहिलं होतं बाणेरच्या एका छोट्या ऑफिसात, आणि त्यांनी दुसऱ्या नजरेने बघायला म्हणून मला बोलावलं.

आधी मांडणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातल्या आकड्यांवर चालतं. बेअरिंगजवळ एक अ‍ॅक्सेलरोमीटर आहे, म्हणजे कंपनाचं त्वरण मोजणारा सेन्सर, एका जीला (गुरुत्वाइतक्या त्वरणाला) १०० मिलिव्होल्ट देणारा. त्याची केबल डेटा अ‍ॅक्विझिशन बॉक्समध्ये जाते. कारखान्यात सगळे त्याला नुसतं ‘डॅक’ म्हणतात. डॅक सेन्सरच्या व्होल्टेजचे सेकंदाला २५,६०० सॅम्पल घेतो. प्रत्येक सॅम्पल म्हणजे १६ बिटांचा, ऋण-धन दोन्ही होऊ शकणारा पूर्णांक. रेंज उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट. १०२४ सॅम्पल जमले की त्यांची एक फ्रेम, म्हणजे एक गठ्ठा, टीसीपीवरून (नेटवर्कवर बाइट पोचवायच्या पद्धतीने) पीसीकडे जाते. फ्रेमच्या सुरुवातीला १३ बाइटांचं हेडर, म्हणजे फ्रेमची ओळखपट्टी : खुणेचे २, आवृत्तीचा १, फ्रेम क्रमांकाचे ४, वेळेचे ४ आणि सॅम्पलच्या संख्येचे २. मग २०४८ बाइट आकडे. एकूण २०६१. सगळे आकडे बिग-एंडियन, म्हणजे वजनदार बाइट आधी. नेटवर्कवर हाच रिवाज आहे. आयपी या इंटरनेटच्या मूळ पद्धतीचं १९८१ चं मानक, आरएफसी ७९१, ते याच क्रमाने लिहिलेलं आहे. पीसीतला इंटेलचा प्रोसेसर नेमका उलटा, लिटल-एंडियन. मॅन्युअलमध्ये हे सगळं स्पष्ट होतं आणि प्रोग्रामरने ते वाचलंही होतं. क्रम माहीत नव्हता म्हणून घोळ झाला, असं इथे मुळीच नाही.

मोटर हळू केली, दोष नाही झाला

कंपनाचं विश्लेषण करणाऱ्या मॅडम बाहेरून येतात. शेरा त्यांच्याच अहवालात होता, आणि त्यांचा तर्क चुकलेला नव्हता. चार पोलची मोटर, ५० हर्ट्झचा सप्लाय, लोडवर मिनिटाला साधारण १४८० फेरे, म्हणजे सेकंदाला २४.७. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वारंवारतेप्रमाणे मांडलेल्या आलेखात, २५-२५ हर्ट्झच्या अंतरावर शिखरांची रांग उभी होती. आतल्या रेसवर चरा पडला की तो शाफ्टबरोबर फिरतो, प्रत्येक फेऱ्यात भाराखाली येतो आणि बाहेर जातो, त्यामुळे ठोके शाफ्टच्या वेगाने कमी-जास्त होतात. २४.७ आणि २५ यांतला फरक एका सेकंदाच्या नोंदीच्या एफएफटीत (स्पेक्ट्रम काढायच्या गणितात) दिसतच नाही. तिथे दोन बिंदूंमधलं अंतरच १ हर्ट्झ असतं. मीही तोच शेरा मारला असता.

त्यांनी एक शहाणपणा केला. व्हीएफडीवरून (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावरून) मोटर ४० हर्ट्झवर आणली. शाफ्ट सेकंदाला २० फेऱ्यांच्या थोडा खाली आला. शिखरांमधलं अंतर २५ चं २५ राहिलं. मॅडम म्हणाल्या, “मोटर हळू झाली आणि दोष नाही झाला? मग तो मोटरमधला दोष नाही.” या एका वाक्याने तपासाची निम्मी वाट संपवली.

गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, त्यामुळे रिग मोकळी मिळाली. मोटर पूर्ण बंद ठेवून, डॅक तेवढा चालू करून नोंद घेतली. सेन्सरवर नुसती खरखर यायला हवी होती, दोन-चार काउंटांची (काउंट म्हणजे डॅकच्या पूर्णांकातला एक). आली तशीच, पण मध्येच ठोकेही आले. सॉफ्टवेअरने बंद मोटरलाही आतल्या रेसचा दोष लावला. काका सुट्टी असूनही आले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

त्या नोंदीत दोन गोष्टी नजरेत भरल्या. पहिली : सगळे ठोके जवळजवळ एकाच उंचीचे, ०.३९ जी. खरा ठोका कधी जोरात बसतो, कधी हलका. यांत तसा फरकच नव्हता. १० व्होल्टची रेंज भागिले ६५,५३६ केली तर एक काउंट ०.१५ मिलिव्होल्टचा येतो. त्या हिशेबाने ०.३९ जी म्हणजे २५६ काउंट. कंपनाच्या आलेखात बरोब्बर २५६ दिसले की यंत्र सोडून द्यावं आणि बाइट मोजायला बसावं. दुसरी गोष्ट : फाइलमध्ये दर फ्रेममागे १०२४ ऐवजी १०२३ सॅम्पल होते.

कोडमधल्या दोन ठिगळ्या

कोड पायथनमध्ये होता, आकड्यांसाठी त्याची नमपाय ही लायब्ररी. मूळ रूप अगदी सरळ : सॉकेटकडून, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या पीसीकडच्या टोकाकडून, जास्तीत जास्त ४०९६ बाइट मागायचे, पहिले १३ काढून हेडर वाचायचं, उरलेल्यांवर कच्च्या बाइटांचे आकडे करणारं नमपायचं ‘फ्रॉमबफर’ लावायचं आणि प्रकार सांगायचा बिग-एंडियन १६ बिट. बाणेरमध्ये हे बिनचूक चाललं, कारण तिथे डॅक नव्हता. डॅकची नक्कल करणारा प्रोग्राम त्याच संगणकावर चालत होता. लिनक्सच्या लूपबॅकवर, म्हणजे संगणकाच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर, एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या बाइटांची मर्यादा) ६५,५३६ बाइटांचा असतो. २०६१ बाइटांची फ्रेम तिथे अख्खी जाते आणि सॉकेट एका हाकेत ती पुरी हातात देतो.

कारखान्यात इथरनेट आहे. तिथे एमटीयू १५००, त्यातून आयपी आणि टीसीपीची हेडरं वजा जाता १४६० बाइट उरतात. म्हणजे फ्रेमचे दोन तुकडे पडतात, १४६० आणि ६०१. टीसीपी फक्त बाइटांचा क्रम राखतो. पाठवणाऱ्याने कुठे थांबून पाठवलं, हे तो घेणाऱ्याला सांगत नाही. सॉकेटला ४०९६ मागितले की तो ‘तेवढे किंवा कमी’ देतो, आणि इथे बहुतेक वेळा पहिल्यांदा १४६० देत होता.

१४६० मधून १३ गेले, उरले १४४७. विषम संख्या. दोन-दोन बाइटांचे आकडे त्यातून पुरे होत नाहीत, म्हणून फ्रॉमबफरने अडवलं : बफरचा आकार घटकाच्या आकाराच्या पटीत हवा. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच. ते सांगत होतं की फ्रेम अजून पूर्ण आलेली नाही. पण रिग सुरू करायची घाई, साइटवर उभं राहून लॅपटॉपवर कोड बदलणं चाललेलं. प्रोग्रामरने शेवटचा सुटा बाइट टाकून द्यायची ओळ घातली आणि एरर गेली. ही पहिली ठिगळी. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला खूण दिसली नाही तर तो आधीच्याचाच पुढचा भाग समजायचा, हेही त्यात होतं. तेवढा विचार बरोबर होता.

आता पाहा काय झालं. पहिल्या तुकड्यातून ७२३ सॅम्पल नीट मिळाले आणि ७२४ व्याचा वरचा बाइट कचऱ्यात गेला. दुसरा तुकडा ६०१ बाइटांचा. तो सुरू झाला ७२४ व्याच्या खालच्या बाइटने. तिथून पुढे प्रत्येक आकडा एका सॅम्पलचा खालचा बाइट आणि पुढच्या सॅम्पलचा वरचा बाइट मिळून बनू लागला. शेवटी परत एक बाइट सुटा उरला, तोही टाकला. म्हणून ७२३ अधिक ३००, एकूण १०२३.

या ३०० आकड्यांत ७६८, १२८०, उणे २५७ अशा संख्या दिसू लागल्या. बाइट उलटे वाचले गेले की असेच आकडे येतात, लहान संख्या एकदम २५६ च्या पटींच्या आसपास जाऊन बसतात. प्रोग्रामरने ही लक्षणं बरोबर ओळखली आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला : डॅकचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) मध्येच बाइटांचा क्रम बदलतं. मग दुसरी ठिगळी. प्रत्येक तुकडा दोन्ही क्रमांनी वाचायचा, आणि ज्यात चढउतार कमी तो खरा मानायचा. आलेख एकदम शांत झाला. सगळ्यांना हायसं वाटलं.

आलेख शांत का झाला हे कळायला गुरुवारच्या खरखरीतले पाच सॅम्पल घेऊ : ३, ५, उणे २, उणे ४, १. बिग-एंडियनमध्ये तारेवरून हे बाइट येतात :

० ३ | ० ५ | २५५ २५४ | २५५ २५२ | ० १

एक बाइट सरकवला की जोड्या अशा पडतात :

३ ० | ५ २५५ | २५४ २५५ | २५२ ०

या जोड्या बिग-एंडियन म्हणून वाचल्या तर ७६८, १५३५, उणे २५७, उणे १०२४. लिटल-एंडियन म्हणून वाचल्या तर ३, उणे २५१, उणे २, २५२.

खरे आकडे होते ३, ५, उणे २, उणे ४. म्हणजे एका बाइटने सरकलेला बिग-एंडियन प्रवाह लिटल-एंडियन म्हणून वाचला की उत्तर जवळजवळ बरोबर येतं. लहान सॅम्पलचा वरचा बाइट एक तर ० असतो (धन असेल तर) किंवा २५५ (ऋण असेल तर). शेजारच्याचा वरचा बाइट उसना घेतला तरी शेजारी त्याच चिन्हाचा असेपर्यंत काही बिघडत नाही. चिन्ह बदललं की बिघडतं : धनाकडून ऋणाकडे जाताना २५६ वजा होतात, ऋणाकडून धनाकडे येताना २५६ अधिक होतात. शून्यरेषा ओलांडली की ठोका. सिग्नल मोठा असेल तर २५६ ची प्रत्येक पट ओलांडतानाही तेच.

बाइट सरकणं आणि क्रम उलटणं, दोन निराळे दोष आणि चेहरा जवळपास सारखा, त्यामुळे ‘क्रम उलटा करून पाहू’ या उपायाला अर्धवट यश आलं. हे अर्धवट यशच महाग पडलं. कचरा दिसत राहिला असता तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी वायरशार्क हा तारेवरचे बाइट दाखवणारा प्रोग्राम लावून बसलं असतं. आम्ही तो नंतर लावला, तेव्हा तारेवरचा प्रत्येक बाइट मॅन्युअलप्रमाणेच निघाला. फर्मवेअरने क्रम कधी बदललाच नव्हता.

आणि २५ हर्ट्झ? २५,६०० भागिले १०२४, सेकंदाला २५ फ्रेमा. दर फ्रेमचे शेवटचे ३०० सॅम्पल, म्हणजे ४० मिलिसेकंदांतले शेवटचे १२ एक मिलिसेकंद, ठोक्यांनी भरलेले. शाफ्टच्या फेऱ्याइतक्याच अंतराने येणारा ठोक्यांचा झुबका. आतल्या रेसच्या दोषाची याहून चांगली नक्कल मुद्दाम करायला बसलं तरी जमणार नाही.

त्याच रिगवरची सोपी चूक

याच रिगवर व्होल्टेज मोजणारा एक मीटर मॉडबस टीसीपी या औद्योगिक यंत्रांच्या भाषेत बोलतो. मॉडबस मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलं. त्यातला प्रत्येक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा आणि बिग-एंडियन हे ठरलेलं आहे. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत ठेवताना कुठला आधी, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. या मीटरने उलटं ठेवलं होतं. २३० व्होल्टचे बाइट ६७, १०२, ०, ० असतात. रजिस्टरांची अदलाबदल झाली की ०, ०, ६७, १०२ होतात आणि आकडा इतका सूक्ष्म होतो की पडद्यावर ०.०० दिसतं. मोटर फिरतेय आणि व्होल्टेज शून्य, हे कोणालाही खटकतं. ती चूक चहा संपायच्या आत दुरुस्त झाली होती. दशांश आकड्यांत बाइटांचा गोंधळ झाला की उत्तर बहुधा हास्यास्पद येतं. १६ बिटांच्या लहान पूर्णांकांत ते पटण्यासारखं येतं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं.

दुरुस्ती

दोन्ही ठिगळ्या काढल्या. आता आधी बरोबर १३ बाइट मिळेपर्यंत वाचायचं. सॉकेटने शून्य बाइट दिले तर समोरच्याने जोडणी बंद केली, तिथे थांबायचं. हे राहिलं तर लूप गरगरत बसतो. पायथनचं असिंकआयओ वापरणाऱ्यांना ‘रीडएक्झॅक्टली’ तयार मिळतं. इथे साधा सॉकेट होता म्हणून सात-आठ ओळी लिहाव्या लागल्या. हेडर पायथनच्या ‘स्ट्रक्ट’ने उलगडायचं, सुरुवातीला > हे चिन्ह देऊन. ते चिन्ह क्रम तर सांगतंच, शिवाय मधली पॅडिंगही (भरतीचे रिकामे बाइट) बंद करतं. ते गाळलं तर याच रचनेचा आकार पीसीवर १३ ऐवजी १४ येतो.

खूण जुळली नाही तर पुढच्या बाइटांत ती शोधत फिरायचं नाही, यावर ऑफिसात थोडा वाद झाला. खूण दोनच बाइटांची; तशी जोडी आकड्यांतही सहज सापडते, आणि चुकीच्या जागी सापडली की आपण परत सरकलेल्या प्रवाहात. टीसीपी बाइट गाळत नाही. खूण चुकली तर चूक आपल्या मोजण्यात असते किंवा डॅक भरकटलेला असतो. दोन्ही वेळेला जोडणी तोडून नव्याने जोडणं बरं. शेवटी तेच ठेवलं.

मग हेडरमधल्या संख्येच्या दुप्पट बाइट मोजून घ्यायचे, त्यावर बिग-एंडियन प्रकाराने फ्रॉमबफर, आणि लगेच ‘एसटाइप’ने पीसीच्या स्वतःच्या क्रमातल्या ३२ बिटांच्या दशांशात रूपांतर. हे लगेच करण्याला कारणं आहेत. फ्रॉमबफर नक्कल करत नाही, मूळ बाइटांकडेच बोट दाखवतं. बाइट ‘बाइट्स’ प्रकारचे असतील तर त्यावरच्या अ‍ॅरेत लिहिता येत नाही, आणि एकच बाइटअ‍ॅरे पुन्हापुन्हा भरत असाल तर पुढची फ्रेम आली की हातातली आधीची फ्रेम गुपचूप बदलते. शिवाय नमपाय परक्या क्रमाचे आकडे सांभाळून घेतं, पण पायटॉर्च ही लायब्ररी ते घ्यायला नकार देते आणि पांडाज ही काही ठिकाणी अडते. रूपांतर दारातच उरकलं की आत कोणाला क्रमाचा विचार करावा लागत नाही.

क्रम बदलण्याच्या दोन हत्यारांची गल्लतही जुन्या कोडमध्ये दिसली. ‘बाइटस्वॅप’ मेमरीतले बाइट उलटवतं आणि लेबल (क्रम कुठला याची नोंद) तसंच ठेवतं. ‘न्यूबाइटऑर्डर’ नुसतं लेबल बदलतं. दोन्ही केलं तर किंमत होती तीच राहते, आणि माणूस तासभर आपण काहीच का केलं नाही याचा विचार करतो. २०२४ च्या नमपाय २.० मधून अ‍ॅरेवरचं न्यूबाइटऑर्डर काढूनच टाकलं आहे. आता ते डीटाइपवर (आकड्यांच्या प्रकाराच्या लेबलवर) लावून ‘व्ह्यू’ने वापरावं लागतं.

चाचणीसाठी खरखर किंवा साइन वेव्ह न घेता ०, १, २, ३ अशी चढती रांग घेतली. नकली डॅकने तीच फ्रेम मुद्दाम तोडून पाठवायची : एकेक बाइट करून, सात-सात करून, १४६० वर, दोन फ्रेमा चिकटवून. जुन्या कोडला ही रांग १४६० वर तोडून दिली तर सरकलेल्या भागात ७६७ च्या जागी १०२३ येतात आणि मग परत ७६८, ७६९ सुरळीत. रांग २०० वरच थांबवली असती तर जुना कोडही त्या भागात पास झाला असता. नवा कोड प्रत्येक तोडीला १०२४ चे १०२४ देतो.

जुन्या नोंदींचं काय

हा प्रश्न मॅडमनी काढला, कारण काही गिऱ्हाइकांना नापासाचे अहवाल गेले होते. ऑफिसात सगळ्यांनी धरलं होतं की त्या फाइली गेल्या. पण जोड्या पुन्हा बघा : सरकलेल्या भागात पहिल्या आकड्यात ७२४ व्याचा खालचा बाइट आणि ७२५ व्याचा वरचा आहे, दुसऱ्यात ७२५ व्याचा खालचा आणि ७२६ व्याचा वरचा. दोन शेजारी आकडे उसवून पुन्हा जोडले की ७२५ ते १०२३ पर्यंतचे सगळे सॅम्पल जसेच्या तसे परत मिळतात. फाइलीत जीमध्ये लिहिलेले आकडे आधी भागून, पूर्णांकात गोल करून घ्यावे लागले, आणि कुठला तुकडा कुठल्या क्रमाने वाचला गेला होता याची नोंद नसल्याने दोन्ही करून पाहावे लागले. तुकडे १४६० वर न पडलेल्या थोड्या फ्रेमा बाजूला काढल्या.

दर फ्रेममागे दोनच सॅम्पल अधुरे राहतात : ७२४ व्याचा वरचा बाइट नाही, १०२४ व्याचा खालचा नाही. प्रोग्रामरचं म्हणणं, शेजाऱ्यांची सरासरी भरून टाकू, कोणाला कळणार नाही. मॅडमनी नकार दिला. दोन्ही जागा रिकाम्या म्हणून नोंदवल्या, वेळेचा अक्ष १०२४ प्रमाणे पुन्हा मांडला, आणि एफएफटीसाठी रिकाम्या जागा टाळून फ्रेमचे ७२३ सॅम्पलचे सलग भागच वापरले. त्यातून नापास मोटरींपैकी एक खरोखरच नापास निघाली. तिच्या शिखरांमधलं अंतर २५ चं नव्हतं, ते बाहेरच्या रेसच्या वारंवारतेवर होतं, आणि इतके दिवस खोट्या ठोक्यांखाली झाकलेलं होतं. ती मोटर काकांनी आधीच वेगळी काढून ठेवली होती.